मोटारीतील हवा : मंगळवेढा परिसरातील जुन्या मोटारींच्या वायुवीजन व वातानुकूलन दुरुस्तीचा इतिहास

प्रस्तावना

मंगळवेढ्याचा इतिहास सांगताना कलचुरींची राजधानी, दामाजीपंतांची धान्याची कोठारे, संत चोखामेळा व संत कान्होपात्रा, सांगलीच्या पटवर्धन संस्थानचा अंमल आणि १९४८ मधील विलीनीकरणानंतरचा सोलापूर जिल्हा असा क्रम सामान्यतः सांगितला जातो. हा क्रम योग्यच आहे. परंतु त्यात राजे येतात, संत येतात, दुष्काळ येतात. हाताने काम करणाऱ्या माणसाचे काम मात्र क्वचित येते. वास्तविक ज्या चोखोबांमुळे या गावाचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले, त्यांचा अंत येथील गावकुसाच्या बांधकामावर राबत असताना ते कोसळून झाला, असे परंपरा सांगते. भिंत कशी बांधली होती, ती का कोसळली, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही. बांधकाम आणि दुरुस्ती या गोष्टी नोंदवण्याच्या योग्यतेच्या आहेत, असे आपल्या इतिहासलेखनाला फार काळ वाटलेच नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय त्यामानाने अगदी किरकोळ वाटेल. जुन्या मोटारीत हवा कशी येते, ती थंड कशी होते आणि ही यंत्रणा बिघडली असता ती साफ व दुरुस्त कशी केली जाते, याचा मंगळवेढा परिसराच्या संदर्भातील इतिहास येथे मांडला आहे. त्यासाठी मोटारींची बांधणी, शासकीय नियम व आंतरराष्ट्रीय करार यांच्याबरोबर येथील गॅरेजांतील प्रत्यक्ष निरीक्षणाचा आधार घेतला आहे. या निरीक्षणात प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या जुन्या मोटारीचाही वाटा आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, आपल्याकडे मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेच्या दुरुस्तीला ‘गॅस भरणे’ हेच नाव पडले आणि या एका शब्दप्रयोगाने गळती, घाण व गंज या मूळ दोषांवर पडदा टाकला. पृथ्वीच्या ओझोन थराविषयीचा जागतिक करार कागदावर माँट्रियल येथे झाला असला, तरी तो पाळला जाण्याचे किंवा मोडला जाण्याचे एक ठिकाण मंगळवेढ्यासारख्या गावातील मोटारीच्या डॅशबोर्डखाली होते.

धूळ आणि वारा

मंगळवेढा हे ज्वारीचे कोठार म्हणून प्रसिद्ध आहे. येथील मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ही ज्वारी भीमेच्या खोऱ्यातील ज्या खोल काळ्या जमिनीत पिकते, तीच जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि वाहनांच्या चाकांखाली तिचा फुफाटा होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची काढणी व मळणी सुरू झाली की या फुफाट्यात कूस मिसळते. अंगाला खाज आणणारी ही कूस मोटारीतही शिरते. पुढे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. म्हणजे या भागातील प्रवाशाला आधी धूळ व मग ऊन अशा दोन शत्रूंशी सामना करावा लागतो, आणि एकाचा बंदोबस्त केला की दुसरा बळावतो. काच उघडावी तर धूळ, बंद करावी तर उकाडा.

घराच्या बाबतीत हा प्रश्न येथील लोकांनी पूर्वीच सोडवला होता. धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंती, लहान दारे आणि छतातील सवणे यांमुळे गरम हवा वर निघून जाई व धूळ फारशी आत येत नसे. वाहनाच्या बाबतीत ही सोय शक्य नव्हती. जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग १८६० मध्ये सोलापूरपर्यंत आला, आणि पुढे १८७० च्या दशकात या कंपनीने पहिल्या वर्गाच्या डब्यांत ओल्या वाळ्याच्या ताट्यांमधून हवा खेळवून डबा थंड करण्याची व्यवस्था केली. पाणी उडून जाताना भोवतालची उष्णता घेते, हे तत्त्व त्यामागे होते. कोरड्या हवेत ते उत्तम चालते. १९३४ मध्ये फ्रंटियर मेलच्या डब्यात बर्फाच्या लाद्या ठेवून थंडावा आणला गेला. हे सारे पहिल्या वर्गाचे वैभव. तिसऱ्या वर्गाचा प्रवासी खिडकीत डोक्याला उपरणे गुंडाळून बसत असे.

मोटारीने हा प्रश्न खिडकीवरच सोपवला. येथे एका योगायोगाचा उल्लेख करावासा वाटतो. भारतातील मोटार उद्योगाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेले वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूर येथेच झाला. त्यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून पुढे फियाट ११०० व तिचाच अवतार असलेली प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. या मोटारीच्या पुढील दारांना मोठ्या काचेखेरीज एक त्रिकोणी काच असे. ती आसावर फिरवून तिरपी लावली की चालत्या मोटारीचा वारा थेट चालकाच्या अंगावर येई, आणि उलट कोनात लावली की आतील गरम हवा बाहेर ओढली जाई. यात तार नाही, मोटर नाही, बिघडण्यासारखे फारसे काही नाही. बिजागरीला तेलाचा थेंब आणि रबर कडक झाले तर ते बदलणे एवढीच दुरुस्ती. जुन्या पिढीतील चालक आजही या काचेची आठवण काढतात, ती उगाच नाही.

ग्रामीण भागातील जीपचा प्रकार याहून सोपा होता. ताडपत्रीचे छत आणि उघड्या बाजू. वायुवीजनाची वेगळी यंत्रणा असण्याचा प्रश्नच नव्हता. वडाप करणाऱ्या जीपगाड्यांतून मंगळवेढा ते पंढरपूर हा साधारण २५ किलोमीटरचा प्रवास ज्यांनी माणसांच्या गर्दीत केला आहे, त्यांना हवेची कमतरता कधी जाणवली नसेल. धुळीची तर मुळीच नाही.

मात्र १९६० च्या दशकापासून जगभर मोटारीची कल्पना बदलत गेली. इंग्लंडमधील फोर्ड कॉर्टिना या मोटारीत १९६४ च्या अखेरीस डॅशबोर्डवरील झरोक्यांतून ताजी हवा आत घेण्याची व ती मागील बाजूने बाहेर सोडण्याची व्यवस्था आली. काचा बंद ठेवूनही हवा खेळती राहू शकते, हे त्यामुळे सामान्य मोटारमालकाला पटले. त्याआधी १९३८ मध्ये अमेरिकेतील नॅश कंपनीने बाहेरची हवा गाळून व तापवून आत सोडणारी यंत्रणा आणली होती. तेथे प्रश्न थंडीचा होता. आपल्याकडे नेमका उलट. तरीही याच मार्गाने पंखा, नळ्या, झडपा व त्या हलवणाऱ्या तारा डॅशबोर्डच्या आत गेल्या. दुरुस्तीच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची आहे. त्रिकोणी काच बिघडली की दिसत असे. डॅशबोर्डमागची झडप बिघडली की फक्त हवा कमी आल्यासारखी वाटते.

बंद काचांची मोटार

मोटारीत यांत्रिक शीतकरण प्रथम अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९३९-४० च्या सुमारास बसवून दिले. ती यंत्रणा अवजड व महाग होती आणि तिची बरीच जागा सामानाच्या कप्प्यात जात असे. १९५४ मध्ये नॅशने सर्व भाग पुढील बाजूस एकत्र बसवून दाखवले आणि आजच्या मोटारीतील मांडणीला सुरुवात झाली. आपल्याकडे बराच काळ फियाट व अँबॅसडर यांच्या डॅशबोर्डखाली वेगळी पेटी लटकवून ‘ए.सी.’ बसवला जाई. सुमारे ४० अश्वशक्तीच्या इंजिनावर कॉम्प्रेसरचा भार पडल्याने चढावर गाडी धापा टाकू लागे व चालक प्रथम ए.सी. बंद करी. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० चे वितरण सुरू झाले. तिच्या वातानुकूलित आवृत्तीमुळे, आणि मोटारींच्या शीतकरण यंत्रणा देशातच बनवण्यासाठी १९८५ मध्ये स्थापन झालेल्या सुब्रोससारख्या कंपन्यांमुळे, हा थंडावा हळूहळू मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. मंगळवेढ्यात अशा मोटारी बहुधा पुण्या-मुंबईत वापरून झाल्यावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे आल्या. त्यांच्याबरोबर त्यांचे जुने दोषही आले.

या यंत्रणेचे कार्य थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. कारण पुढील विवेचन त्यावर अवलंबून आहे. थंडावा निर्माण केला जात नाही, आतील उष्णता बाहेर नेली जाते. पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो. तो तापलेला गॅस पुढील कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून द्रव होतो. ड्रायर त्यातील ओलावा शोषतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद छिद्रातून तो द्रव डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये सुटतो व वायुरूप होताना आतील हवेची उष्णता शोषून घेतो. मग तो पुन्हा कॉम्प्रेसरकडे जातो. गॅस संपत नाही, जळत नाही, झिजत नाही. म्हणूनच ‘गॅस संपला’ हे विधान शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे आहे. गॅस संपत नसतो; तो कोठून तरी गेलेला असतो.

घरातील फ्रीजपेक्षा मोटारीतील यंत्रणेतून तो अधिक सहज जातो, याचेही कारण बांधणीतच आहे. फ्रीजचा कॉम्प्रेसर पूर्ण बंद डब्यात असतो; मोटारीच्या कॉम्प्रेसरचा दांडा बाहेर येतो आणि त्याभोवतीच्या सीलमधून गॅस झिरपू शकतो. इंजिन हादरते म्हणून जोडण्यांसाठी रबरी नळ्या वापराव्या लागतात व त्याही कालांतराने झिरपतात. हिवाळाभर ए.सी. बंद ठेवला तर तेल फिरत नाही आणि सील कोरडे पडते. थंडीतही आठवड्या-पंधरवड्यातून दहा मिनिटे ए.सी. चालवावा, असे जाणकार मिस्त्री सांगतात ते त्यामुळेच. काटकसरी मालकाला हा सल्ला पेट्रोलची उधळपट्टी वाटतो.

गॅसचा इतिहास

हा गॅस कोणता? मोटारींसाठी फार मोठा काळ तो सीएफसी-१२, म्हणजे बाजारभाषेतील आर-१२ किंवा फ्रेऑन होता. अमेरिकेत थॉमस मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ ते १९३० या काळात या गटातील संयुगे शीतकरणासाठी पुढे आणली. त्यापूर्वीचे अमोनिया, सल्फर डायऑक्साइड यांसारखे वायू विषारी होते. फ्रेऑन जळतही नव्हता व विषारीही नव्हता. त्याच्या स्थैर्याचे तेव्हा कौतुक झाले, पण दोषही तोच ठरला. खाली नष्ट न झाल्याने तो वातावरणाच्या वरच्या थरात पोहोचतो व तेथे त्यातील क्लोरीन मुक्त होऊन ओझोनचा नाश करते, हे मोलिना व रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडले. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची घट प्रसिद्ध झाली आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करारावर सह्या झाल्या.

भारत या करारात १९९२ मध्ये सामील झाला. विकसनशील देशांना मिळालेली अधिक मुदत व आर्थिक साहाय्य हा त्यामागील वाटाघाटींचा मुख्य भाग होता, आणि भारताची ती मागणी न्याय्यच होती. वातावरणातील सीएफसीचा फार मोठा साठा भारताने सोडलेला नव्हता. त्यानंतर २००० मध्ये ओझोन थरास घातक पदार्थांविषयीचे नियम लागू झाले. त्यांनुसार १ जानेवारी २००३ नंतर नव्या उपकरणांच्या निर्मितीत सीएफसी वापरण्यास बंदी आली. मोटार उत्पादकांनी त्याआधीच, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, क्लोरीन नसलेल्या एचएफसी-१३४ए या गॅसकडे वळण्यास सुरुवात केली होती. १ ऑगस्ट २००८ रोजी भारतातील सीएफसीचे उत्पादन, दम्याच्या फवाऱ्यांसारखे औषधी अपवाद वगळता, थांबले.

नियमांच्या भाषेत हा बदल स्वच्छ दिसतो. एका तारखेपूर्वी जुना गॅस, नंतर नवा. पण मोटार ही वीस-वीस वर्षे चालणारी वस्तू आहे. नव्या मोटारींची व्यवस्था कारखान्यांनी केली. आधीच रस्त्यावर असलेल्या मोटारींचे काय करायचे, हा प्रश्न गॅरेजकडे आला. आणि जुना गॅस काढून नवा भरावा इतका तो सोपा नव्हता. आर-१२ बरोबर चालणारे खनिज तेल १३४ए मध्ये मिसळत नाही. ते कॉइलमध्ये साठून राहते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. जुन्या रबरी नळ्यांतून नव्या गॅसचे लहान रेणू अधिक झिरपतात. ड्रायर बदलावा लागतो, ओ-रिंग बदलाव्या लागतात, तेल बदलावे लागते, आणि गॅसही पूर्वीच्या वजनाच्या साधारण ८० ते ९० टक्केच भरावा लागतो. दोन्ही गॅसची जोडणी चुकून एकमेकांत जाऊ नये म्हणून नळ्यांची तोंडेही वेगळी ठेवली गेली. गॅरेजमध्ये जोडतुकडा तयार करून ही अडचण ‘दूर’ केली जाई.

केंद्र शासनाला हा प्रश्न दिसत नव्हता असे नाही. २००४ मध्ये मान्यता मिळालेल्या राष्ट्रीय सीएफसी निर्मूलन योजनेत दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांचे प्रशिक्षण व त्यांना साधने पुरवणे यांवर भर होता. योजनेची दिशा योग्य होती. तरी जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दिवस दुकान बंद ठेवून जाणे एकट्याने गॅरेज चालवणाऱ्या माणसाला परवडत नाही, ही साधी गोष्ट अशा योजनांच्या आड येते. मंगळवेढ्यासारख्या गावात मोटारीच्या ए.सी.चे काम करणारा माणूस मुळात वायरिंगचे किंवा फ्रीज-दुरुस्तीचे काम करणारा असे. तो जे शिकला ते सोलापूर किंवा पुण्यातील कोणा उस्तादाच्या हाताखाली राहून, पाहून व तोंडी शिकला. त्याच्या ज्ञानाला कमी लेखण्याचे कारण नाही; फक्त ते ज्ञान ज्या काळात तयार झाले, त्या काळात गॅस स्वस्त होता व तो हवेत सोडण्यात कोणालाच काही गैर वाटत नव्हते.

येथे थोडा हिशोब करून पाहणे उद्बोधक ठरेल. पृथ्वीचे तापमान वाढवण्याची शक्ती शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत आर-१२ ची सुमारे १०,९०० पट आणि १३४ए ची सुमारे १,४३० पट मानली गेली आहे. अर्धा किलो आर-१२ हवेत गेला, तर तो सुमारे साडेपाच टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा होतो. १३४ए असेल तर सुमारे ७१५ किलो. एक लिटर पेट्रोल जळून साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो असे धरले, तर एकदा गळून गेलेला अर्धा किलो नवा गॅसही ३०० लिटरहून अधिक पेट्रोल जाळण्याइतका पडतो. ओझोनसाठी निर्दोष ठरलेला हा गॅस तापमानवाढीसाठी निर्दोष नाही, आणि म्हणूनच २०१६ मधील किगाली दुरुस्तीने तोही टप्प्याटप्प्याने कमी करायचा ठरला. भारताने ही दुरुस्ती २०२१ मध्ये स्वीकारली. गाडीच्या प्रदूषण तपासणीत मात्र नळकांड्यातून निघणारा धूरच मोजला जातो. डॅशबोर्डखालून काय जाते, हे त्या प्रमाणपत्रावर येत नाही.

डॅशबोर्डखाली

प्रस्तुत लेखकाकडे १९९० च्या दशकातील एक लहान मोटार आहे. काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात तिच्या झरोक्यांतून येणारी हवा निम्म्यावर आली. पंखा पूर्ण वेगाने फिरत असल्याचा आवाज येई, पण हात समोर धरला तर झुळूक जेमतेम लागे. शिवाय चालू करताच कुबट वास येई आणि डाव्या बाजूचा गालिचा ओला होई. प्रथम ज्या गॅरेजमध्ये ती नेली, तेथे दोषाची चौकशी न करता गॅस भरण्यात आला. आठवडाभर बरे वाटले. मे महिन्यात पुन्हा गॅस भरला. तिसऱ्या खेपेस दुसऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो, तेव्हा त्यांनी गेजला हातही न लावता विचारले, “सर, ब्लोअर कधी उघडला होता का?” तो कधीच उघडला नव्हता.

डॅशबोर्डचा खालचा भाग, हातमोजाचा खण व पंख्याची पेटी उतरवून कूलिंग कॉइल बाहेर काढण्यास अर्धा दिवस गेला. कॉइलच्या पात्यांवर बोटभर जाडीचा नमद्यासारखा थर बसला होता. त्यात काळी माती होती, ज्वारीचा भुसा व कूस होती, केस होते, आणि मोटार पूर्वी जेथे असे त्या शहरातील झाडांची वाळलेली पानेही होती. इतिहासाच्या अभ्यासकाला हा एक प्रकारचा स्तरलेखच वाटला. वरचा थर मंगळवेढ्याचा, खालचा पुण्याचा.

हा थर येथे इतका घट्ट का बसतो, याचे कारण मातीतच आहे. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसून घट्ट होते. शेतात भेगा पडतात त्या यामुळेच. चालू असलेल्या थंड कॉइलवर हवेतील ओलावा दवासारखा जमतो. कोरडी धूळ त्या दवावर चिकटते, फुगते, मोटार उभी राहिली की वाळते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर नवा थर येतो. शेतात जे वर्षातून एकदा घडते, ते कॉइलवर रोज घडते. जुन्या मोटारींना आत येणारी हवा गाळणारा फिल्टर नसे. त्या तयार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर डांबरी रस्ता असावा.

माती हवा अडवते एवढ्यावर भागत नाही. ओली माती ॲल्युमिनियमच्या नळीला सतत चिकटून राहिल्याने तेथे गंज धरतो व सुईच्या टोकाएवढे छिद्र पडते. पाणी बाहेर नेणारी रबरी नळी गाळाने तुंबते, मग तेच पाणी गालिच्यावर उतरते. कुबट वास हा त्या ओलीत वाढलेल्या बुरशीचा असतो. म्हणजे मंद हवा, वास, ओला गालिचा आणि वारंवार जाणारा गॅस हे चार वेगळे आजार नव्हते. मूळ घाणीत होते, आणि उपचार मात्र शेवटच्या लक्षणावर चालू होता.

मिस्त्रींनी केलेली सफाई कोणत्याही पुस्तकात बसावी अशी होती. कॉइलची दोन्ही तोंडे त्यांनी आधी बुचांनी बंद केली, म्हणजे आत ओलावा जाऊ नये. मग साध्या साबणाच्या कोमट पाण्यात ती भिजत ठेवली. पाण्याचा झोत हवेच्या नेहमीच्या दिशेच्या उलट, म्हणजे स्वच्छ बाजूकडून मारला. घाणीच्या बाजूने मारला तर ती पात्यांत अधिक खोल जाते. जोर बेताचाच ठेवला, कारण पाती कागदासारखी पातळ असतात व वाकली की हवा अडते. वाकलेली पाती त्यांनी कंगव्यासारख्या साधनाने एकेक करून सरळ केली. तीव्र आम्लाचा वापर काही ठिकाणी होतो; त्याने कॉइल पाच मिनिटांत चकाकते व वर्षभरात गळते. झडपांच्या कडांवरील स्पंज हाताला लागताच पिठासारखा झडला. तोच झडून पंख्यात गेला होता. नवा तयार भाग मिळत नसल्याने त्यांनी त्या मापाचा स्पंज कापून चिकटवला. थंड-गरम करणारी तार वंगण घालून मोकळी केली. कारण ती अर्ध्यावर अडकल्यामुळे इंजिनच्या गरम पाण्याची कॉइल ए.सी.च्या थंड हवेला सतत तापवत होती. त्यानंतर कॉइल पाण्यात बुडवून आत कोरड्या नायट्रोजनचा दाब दिला. एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक सर निघाली.

ती सर पाहिल्यावर मागील दोन वेळा भरलेला गॅस कोठे गेला, याचा उलगडा झाला.

यापुढचे काम वेळखाऊ पण सरळ असते. छिद्र सांधता येण्याजोगे नसेल तर कॉइल बदलावी लागते. उघडलेल्या यंत्रणेचा ड्रायर पुन्हा वापरू नये. सर्व जोडण्यांच्या ओ-रिंग नव्या, तेल लावून बसवाव्यात. मग व्हॅक्यूम पंपाने आतील हवा व ओलावा किमान अर्धा तास खेचून काढावा व पंप बंद करून काटा जागेवर राहतो का हे पाहावे. ओलावा राहिला तर तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठतो, मग ए.सी. थोडा वेळ थंड, थोडा वेळ गरम असा खेळ करतो. पूर्वी अनेक ठिकाणी पंप नसल्यामुळे थोडा गॅस सोडून त्यानेच हवा ढकलून बाहेर काढण्याची रीत होती. तिने हवा जाई, ओलावा राही, आणि गॅस आकाशात जाई. सर्वात शेवटी गॅस भरायचा, तोही बाटली काट्यावर ठेवून वजनाने. नळी हाताला गार लागली म्हणजे झाले, या अंदाजाने नव्हे.

आर-१२ दुर्मीळ व महाग झाल्यावर काही ठिकाणी जुन्या मोटारींत स्वयंपाकाचा गॅस किंवा तत्सम ज्वलनशील मिश्रणे भरली जाऊ लागली, याचा येथे उल्लेख करणे कर्तव्य ठरते. ती थंड करतात, यात शंका नाही. परंतु ज्या कॉइलला छिद्र आहे ती प्रवाशांच्या गुडघ्यांसमोर असते, आणि बंद काचांच्या मोटारीत एक ठिणगी पुरते. हा प्रकार केवळ लोभातून आला असे म्हणणे अन्यायाचे होईल. कायद्याने जुना गॅस बंद केला, नव्या गॅससाठी निम्मी यंत्रणा बदलण्याचा खर्च मालकाला परवडेना, आणि मिस्त्रीसमोर मे महिन्याच्या दुपारी घामाघूम झालेले गिऱ्हाईक उभे होते.

दुरुस्तीची किंमत आणि तिची प्रतिष्ठा

गॅस भरण्याचे काम तासाभरात होते व त्याचे पैसे विनातक्रार मिळतात. गिऱ्हाइकाला थंड हवा तत्काळ लागते. सफाईसाठी डॅशबोर्ड उतरवण्यास दिवस जातो, जुने प्लास्टिक तुटण्याचा धोका मिस्त्रीच्या माथी येतो आणि शेवटी “नुसती धूळच तर काढली” म्हणून मजुरीत घासाघीस होते. या व्यवहारात दोष कोणाचा, हे ठरवताना आपण मालकांनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. वस्तू बदलली की आपण पैसे देतो. कौशल्य वापरले की सवलत मागतो.

२०१९ मधील राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात मोटारींच्या वातानुकूलनाचा व दुरुस्ती-तंत्रज्ञांच्या प्रशिक्षण-प्रमाणनाचा विचार झाला आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालमोटारींत चालकाच्या कक्षाला वातानुकूलन सक्तीचे झाले. रत्नागिरी-नागपूर महामार्ग मंगळवेढ्यावरून जातो. तेव्हा या मालमोटारी काही वर्षांनी जुन्या होतील आणि याच धुळीतून येऊन येथील गॅरेजांसमोर उभ्या राहतील. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, अँबॅसडर व मारुती ८०० चे २०१४ मध्ये. त्यांच्या झडपांच्या तारा कोणत्या बाजूने निघतात, पेटीचा कोणता स्क्रू आधी काढायचा, कोणत्या जागी प्लास्टिक हमखास तडकते, हे ज्यांच्या बोटांना माहीत आहे असे मिस्त्री आता साठीला पोहोचले आहेत. त्यांची मुले मोबाइल दुरुस्तीकडे किंवा पुण्याकडे गेली आहेत. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मौखिक इतिहासाचे प्रकल्प घेताना सैनिकांच्या व स्वातंत्र्यसैनिकांच्या मुलाखतींबरोबर अशा चार-दोन मुलाखती ध्वनिमुद्रित करण्यास फारसा खर्च येणार नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मोटारीत त्यानंतर गॅस भरावा लागलेला नाही. दरवर्षी मळणीचा हंगाम संपला की पंख्याची पेटी उघडून कॉइलची बाहेरची बाजू साफ केली जाते, आणि हवा आत येते त्या तोंडावर एक बारीक जाळी बसवली आहे. ती महिन्यातून एकदा झटकली की ओंजळभर कूस निघते. मे महिन्यात मोटार बाजारात उभी केली की तिच्याखाली पाण्याचे थारोळे जमते. येणारे-जाणारे थांबून काळजीने सांगतात, “सर, गाडीतनं पाणी गळतंय.” तुंबलेली नळी मोकळी झाल्यापासून ते तसे गळते आहे.